डिप्रेशन: ओळखण्यापासून गोळ्या बंद होईपर्यंत घरच्यांनी काय, केव्हा आणि कुठल्या क्रमानं करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात डिप्रेशनचा पेशंट योग्य डॉक्टरांपर्यंत पोचतो तेव्हा घरच्यांची बहुतेक वेळा चार ठिकाणं करून झालेली असतात. ताकद यावी म्हणून सलाईन लावलेलं असतं, डोक्याचा स्कॅन झालेला असतो, कुणी सांगितलं म्हणून नजर उतरवलेली असते, आणि घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं समजावूनही सांगितलेलं असतं. मग एकदाचे मानसोपचार तज्ज्ञ गाठले जातात, गोळ्या सुरू होतात आणि पंधरा दिवसांत बंद पडतात. पेशंटसोबत दवाखान्यात जाण्याच्या कामात मला हे पुन्हा पुन्हा दिसतं. घरच्यांच्या मायेत काही कमी नसतं, पण क्रम चुकतो आणि त्या माणसाचं अख्खं वर्ष वाया जातं.

तो क्रम इथे दिला आहे. पहिला टप्पा सगळ्यांनी वाचावा, पेशंट कितीही शांत दिसत असला तरी.

## १. सगळ्यात आधी: जिवाला धोका आहे का ते बघा

बाकी सगळं यानंतर. पुढच्यापैकी काही दिसत असेल तर डॉक्टरांची अपॉइंटमेंट, नातेवाइकांचा सल्ला, चांगला दिवस, कशासाठीही थांबू नका.

- "मी गेले की तुमची सुटका होईल", "आता जगून काय करायचंय" असं बोलणं, मग ते हसत का असेना.
- पतपेढीच्या पावत्या, एलआयसीचे कागद, दागिने कुणाच्या तरी हवाली करणं. कारण नसताना एकेकाची माफी मागणं.
- खूप दिवस तळमळणारा माणूस एका दिवसात एकदम शांत होणं.
- आधी कधी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न झालेला असणं, किंवा घराण्यात कुणी जीव दिलेला असणं.

अशा वेळी सरळ विचारा. "अण्णा, जीव नकोसा झालाय का? जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरेल ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. ती खरी नाही. उलट कुणीतरी तोंडावर विचारलं म्हणून ओझं उतरल्यासारखं झालं, असं पेशंटच पुढं सांगतात. "हो" असं उत्तर आलं तर रडारड करू नका, देवाची शपथ घालू नका, "पोराबाळांचा तरी विचार कर" असंही म्हणू नका. आपल्यामुळं पोराबाळांना त्रास होतोय हेच त्याच्या डोक्यात रात्रंदिवस चाललेलं असतं. कसं, कधी असं काही ठरवलंय का, तेवढं शांतपणे विचारा.

लगेच करायच्या गोष्टी:

1. माणसाला एकटं सोडू नका. रात्रीसुद्धा कुणीतरी त्याच खोलीत झोपा.
2. फवारणीची औषधं, तणनाशक, उंदराचं औषध घराबाहेर काढा किंवा कुलपात ठेवा, आणि चावी शेजारच्या विश्वासातल्या माणसाकडे द्या. घरातल्या सगळ्या गोळ्याही उचलून ठेवा. ऊस आणि तंबाखूच्या भागात ही बाटली गोठ्यात किंवा मागच्या पडवीत सहज हाताला लागते. ती वेळेवर हाताला न लागणं यानं माणसं वाचतात.
3. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओपीडीची वेळ संपली असेल तर इमर्जन्सीमध्ये, म्हणजे आपण कॅज्युअल्टी म्हणतो तिथे जा.
4. वाटेत किंवा रात्री आधार हवा असेल तर टेलिमानसला १४४१६ वर फोन लावा. सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत. भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठीही आहे आणि कन्नडही.

काही पोटात गेलं असेल तर: १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्यानं विष किंवा उलटी फुप्फुसात जाऊ शकते. बाटली किंवा रिकामं पाकीट सोबत न्या आणि डॉक्टरांना खरं सांगा. पोलीस केस होईल म्हणून "चुकून प्यायला" असं सांगणारी घरं अजून आहेत. दवाखान्यात नोंद होते, ते खरं आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि सहसा त्याच्यावर खटला चालत नाही. खोटं सांगितलं तर नेमके उपचार मात्र लांबतात.

## २. दुःख आहे की डिप्रेशन, हे दोन आठवड्यांच्या मापानं बघा

पीक गेलं, लग्न मोडलं, आई गेली, तर माणूस उदास होणारच. ते डिप्रेशन नाही. डिप्रेशन म्हणायला दोन गोष्टी बघतात: सलग दोन आठवडे, दिवसातला बराचसा वेळ मन खचलेलं असणं, किंवा आधी ज्यात जीव रमायचा त्यातलं काहीच नकोसं होणं. यातली एक तरी हवीच. सोबत झोप बिघडणं, भूक जाणं किंवा फार वाढणं, अंगात त्राण नसणं, हालचाली मंदावणं किंवा नुसती तगमग, लक्ष न लागणं, "मी कुणाच्या कामाचा नाही" असं वाटणं आणि मरणाचे विचार यांतली काही मिळून पाच किंवा जास्त लक्षणं, आणि त्यामुळं रोजची कामं अडलेली.

आपल्या लोकांत ही लक्षणं सरळ येत नाहीत. "मन उदास आहे" असं फार थोडे म्हणतात. "जेवण जाईना झालंय", "अंगात ताकद नाही", "डोकं जड झालंय", "छातीत धडधडतंय" असंच ऐकू येतं. म्हणून मग आधी पोटाचा डॉक्टर, मग हार्टचा, मग नसांचा. तपासण्या नॉर्मल आल्या की घरचे म्हणतात, "बघ, तुला काही झालेलं नाही." त्या माणसाला मात्र झालेलं असतं, आणि आता त्याच्यावर कुणाचा विश्वासही उरलेला नसतो.

वय आणि माणूस बघून रूपही बदलतं. पुरुष चिडचिडे होतात, दारू वाढते. म्हाताऱ्या माणसांत विसराळूपणा दिसतो आणि घरचे वय झालं म्हणून सोडून देतात. कॉलेजची पोरं खोलीतून बाहेर येत नाहीत, मार्क घसरतात. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी बाळाला घ्यायला नको म्हणते आणि सगळे तिला नावं ठेवतात.

लगेच दाखवा: बाळंतिणीला भास होत असतील, ती भलतंच काही बोलत असेल, दिवसेंदिवस झोपच नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर बाळ आणि ती, दोघांना एकटं ठेवू नका.

## ३. पहिलं बोलणं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

कोण बोलणार ते आधी ठरवा. एकच माणूस. चार जण गोल करून बसले की पंचायत भरल्यासारखं होतं आणि पेशंट तोंड मिटतो. बऱ्याचदा नवरा किंवा सासू यांच्यापेक्षा धाकटा दीर, बहीण, मामी यांच्याजवळ बोलणं सोपं जातं. वेळ संध्याकाळची बघा. या आजारात सकाळ सगळ्यात जड जाते, दुपारनंतर जरा हलकं वाटतं, असं बऱ्याच जणांचं असतं.

सुरुवात आजाराच्या नावानं करू नका. डोळ्यांना दिसलेलं सांगा.

"वहिनी, महिना झाला बघतोय, तुम्ही पहाटे तीनला उठून चुलीपुढं बसलेल्या असताय. जेवणही निम्म्यावर आलंय. लई त्रास होतोय का?"

"काही नाही रे. असंच."

"असंच असू दे. पण झोप नाही, जेवण नाही, असं किती दिवस काढणार? एकदा दाखवून येऊया. मी येतो सोबत, दुसऱ्या कुणाला सांगायची गरज नाही."

यात मनाचा डॉक्टर, वेड, डिप्रेशन यातलं काही आलं नाही. झोप आणि जेवण यावर दाखवायला लोक तयार होतात. पण नुसतं बीपी तपासायला चाललोय असं खोटं सांगून कुणाला मानसोपचार विभागात नेऊन बसवू नका. पाटी वाचली की विश्वास गेला, आणि पुढच्या वेळी ते माणूस घरातून हलणार नाही. वाटेतच सांगा: "झोपेचं आणि मनाचं बघणारे डॉक्टर आहेत."

तोंडातून जाऊ द्यायची नाहीत अशी वाक्यं: "तुला काय कमी आहे?", "आम्ही याच्यापेक्षा वाईट दिवस काढलेत", "मन घट्ट कर", "कामात मन गुंतव". बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ऐकणाऱ्याला मात्र यातून एवढंच कळतं, की चूक माझीच आहे.

पहिल्यांदा नाही म्हणाले तर भांडू नका. दोन-तीन दिवसांनी परत विचारा. तोवर घरातल्या एकानं १४४१६ वर बोलून घ्यावं. पेशंट तयार नसतानाही घरच्यांना तिथे सल्ला मागता येतो.

देवाधर्माबद्दल: सौंदत्तीला जायचंय, जोतिबाला जायचंय, तर जा. यल्लम्माच्या दर्शनानं मन हलकं होत असेल तर त्यात अडवण्यासारखं काही नाही. अट एकच, डॉक्टरांची तारीख त्यासाठी पुढं ढकलायची नाही. पण बाहेरचं आहे, करणी आहे म्हणून कुणी उपाशी ठेवायला, मारायला, धुरी द्यायला किंवा गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर तिथून तडक उठा.

## ४. कुठे जायचं

माझं मत स्पष्ट आहे: दर महिन्याला झेपेल अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी जा. लोक बघतील म्हणून लांबच्या नावाजलेल्या डॉक्टरांकडे एकदा जाणं आणि दुसऱ्या महिन्यात भाड्याचे पैसे नाहीत म्हणून सोडून देणं, हे सर्रास चालतं. हा उपचार महिनोन्‌महिने चालणारा आहे.

- गावाजवळ: प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुका रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी तालुक्याला येतात. कर्नाटकच्या मनोचैतन्य कार्यक्रमात हा दिवस मंगळवारचा ठेवलेला आहे. तरी निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा दवाखान्यात विचारून खात्री करून घ्या.
- बेळगावात: सरकारी बिम्स, ज्याला आपण अजून सिव्हिलच म्हणतो, आणि नेहरूनगरचं केएलई हॉस्पिटल. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे.
- अवघड केस, भरती करायची वेळ आली तर: धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांसाठीची सरकारी संस्था, बेळगावहून साधारण पाऊणशे किलोमीटर.
- निपाणी भागातून: कोल्हापूर जवळ पडतं, तिथलं सीपीआर सरकारी रुग्णालयही आहे. सोयीचं असेल तर तिकडे जा, पण मग तिकडचंच धरून ठेवा. एक महिना बेळगाव, एक महिना कोल्हापूर असं केलं की दोन्हीकडचे डॉक्टर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतात.

कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसचा प्रवास राज्याच्या हद्दीत मोफत आहे. खानापूर–बेळगाव किंवा बेळगाव–धारवाड अशा खेपा करणाऱ्या घराला याचा मोठा आधार होतो. ओळखपत्र सोबत ठेवा.

मानसोपचार तज्ज्ञ म्हणजे औषध देणारे डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. सौम्य डिप्रेशनला नुसत्या बोलण्याच्या उपचारानंही फरक पडतो, आणि आजार मोठा असेल तर बहुधा दोन्ही लागतात. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी सहा ते आठ भेटींत असा उपचार केला. त्याचा गुण येतो हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. तेव्हा समुपदेशकाकडे पाठवलं तर टाळलं असं समजू नका.

## ५. जाण्याआधीची तयारी: एक कागद

डॉक्टरांपुढं बसल्यावर पेशंट "बरं आहे" म्हणतो आणि घरचे सगळे एकदम बोलायला लागतात. गर्दीच्या ओपीडीत मिळणारी दहा-पंधरा मिनिटं त्यात जातात. म्हणून आदल्या रात्री मराठीत एक पानभर लिहून काढा. असं काहीतरी:

*गणपतीनंतर सुरू झालं. पहिल्यांदा झोप गेली, पहाटे तीनला जाग येते, परत डोळा लागत नाही. दसऱ्यापासून जेवण निम्म्यावर. विड्या वळायला बसते पण हात चालत नाही, आधी दिवसाला हजार व्हायच्या, आता तीनशे होत नाहीत. म्हशीची धार पोरगी काढते. दोनदा म्हणाली, मी गेले तर बरं होईल. थायरॉइडची गोळी चालू, सहा महिने तपासलेलं नाही. दारू नाही, मिसरी आहे. आईच्या भावानं जीव दिला होता. आधी एकदा, दुसऱ्या बाळंतपणानंतर असंच झालं होतं, चार महिन्यांनी आपोआप बरी झाली.*

हा कागद स्कॅनच्या फाइलीपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. कधी सुरू झालं, काय काय अडलं, मरणाचं बोलणं, चालू औषधं, व्यसन, घराण्यातला आजार, आधी कधी झालं होतं का, हे सगळं यात आलं.

आणखी एक गोष्ट आठवून लिहा: आयुष्यात कधी आठवडाभर झोपेची गरजच वाटली नाही, प्रचंड उत्साह, उधळपट्टी, मोठमोठ्या गप्पा, असं झालं होतं का? झालं असेल तर आजार वेगळा असू शकतो. त्यात नुसती डिप्रेशनची गोळी उलटी पडू शकते. लोकांना तो काळ "चांगला होता" म्हणून आठवतो, त्यामुळं कुणी सांगतच नाही.

भाषेचं आधीच बघा. केस पेपर आणि पाट्या बहुधा कन्नडमध्ये असतात. मानसोपचार विभागाच्या पाटीवर 'मनोवैद्य' किंवा 'मानसिक आरोग्य' असा शब्द असतो. वाचता येत नसेल तर काउंटरवर विचारा. बेळगावात मराठी समजणारे डॉक्टर आणि नर्स बरेच भेटतात, म्हणून संकोच न करता "मराठीत सांगू का?" असं विचारा. बाजारातलं, बसमधलं कन्नड येतं म्हणून मनातलंही कन्नडमध्ये सांगता येईल असं नाही. खानापूरकडच्या बायका कन्नड डॉक्टरांपुढं नुसत्या "हं, हं" करून परत येतात. दुभाषी लागलाच तर घरातला मोठा माणूस न्या. शाळकरी पोराला मध्ये बसवू नका, आईच्या तोंडची "जगायचं नाही" ही गोष्ट त्यानं डॉक्टरांना उलगडून सांगायची म्हणजे फार आहे. शेजाऱ्यालाही नको, आणि ज्याच्यामुळं त्रास होतोय असा संशय आहे त्याला तर नकोच.

निघण्यापूर्वी तपासा: लिहिलेला कागद, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं पाठ करू नका, पाकिटंच न्या), जुने रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड, पाण्याची बाटली, खायला काहीतरी. एका घरात राहणारा माणूस सोबत हवा.

## ६. डॉक्टरांसमोर

पेशंटला आधी बोलू द्या. मग कागद द्या. शेवटी थोडा वेळ बाहेर जाऊन पेशंटला डॉक्टरांजवळ एकटं बोलू द्या. मारहाण, दारू, कर्ज, नको त्या माणसाचा त्रास घरच्यांपुढं बाहेर येत नाही. पेशंटचं बोलणं डॉक्टर बाहेर सांगत फिरत नाहीत, कायद्यानंच ते गुप्त ठेवायचं असतं.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी १२ अशा तपासण्या सांगितल्या तर करा. थायरॉइड कमी असेल किंवा रक्त कमी असेल तरी असाच थकवा येतो.

उठण्याआधी पाच प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्या: यातली मुख्य गोळी कुठली? गुण यायला किती दिवस? कसला त्रास झाला तर लगेच यायचं? झोपेची गोळी आहे का, आणि ती कधी थांबवायची? पुढची तारीख?

## ७. पहिले सहा आठवडे

उपचार सुटतो तो बहुतेक याच काळात.

एस्सिटालोप्राम, सरट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशा गोळ्यांचा गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, पूर्ण अंदाज सहा-आठ आठवड्यांनी येतो. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतो: मळमळ, डोकेदुखी, पातळ शौचाला होणं, जराशी तगमग. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण. हे कुणी नीट सांगितलेलं नसलं की घरचे म्हणतात, "गोळी सोसत नाही, बंद कर." बहुतेक त्रास आठ-दहा दिवसांत ओसरतो. गोळी जेवल्यावर घेतली तर मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री, अशी वेळ बदलून मिळते, पण डॉक्टरांना विचारून.

लक्ष ठेवा: कधी कधी अंगातली ताकद मनाच्या आधी परत येते. माणूस हिंडू-फिरू लागतो, पण आतली निराशा तशीच असते. तगमग एकदम वाढली, मरणाचं बोलणं वाढलं तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. पंचविशीच्या आतल्या पोरांत हे जास्त जपा. पहिल्या महिन्यात गोळ्या पेशंटच्या हातात पूर्ण पाकीट न देता घरातल्या एकानं रोज द्याव्यात.

या काळात नेहमी होणाऱ्या चुका:

- उपवास. नवरात्र, एकादशी, सोमवार म्हणून गोळी चुकवतात. उपवासाला गोळी चालते. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर फराळानंतर घ्या.
- यात्रा आणि वारी. पंढरपूरला किंवा सौंदत्तीला जाताना गोळ्या घरीच राहतात. निघताना चार दिवस जास्तीच्या सोबत घ्या.
- चुकलेली गोळी भरून काढणं. दोन एकदम घेऊ नका. विसरलात तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच.
- फक्त झोपेची गोळी चालू ठेवणं. तिनं लगेच बरं वाटतं म्हणून लोक मुख्य गोळी सोडतात आणि झोपेची मेडिकलमधून मागून घेत राहतात. सवय लागते ती या झोपेच्या गोळीची. डिप्रेशनच्या मुख्य गोळीचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, अंगात करंट मारल्यासारखं होतं.
- दारू. या गोळ्यांसोबत नको. रोज पिणारा असेल तर डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. एकदम दारू सोडण्यातही धोका असतो, ते त्यांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.
- दुसऱ्याची गोळी. नणंदेला जी लागू पडली ती हिला द्यायची नाही.
- अंगावर पाजणारी आई. दूध तोडण्याआधी किंवा गोळी सोडण्याआधी विचारा. अंगावर पाजतानाही देता येतात अशी औषधं आहेत.

सहा आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर डॉक्टर डोस वाढवतात किंवा गोळी बदलतात. हे नेहमीचं आहे. दवाखाना बदलायची घाई नको.

## ८. घरात काय करायचं

कामाला लावून माणूस बरा होत नाही, पण नुसतं झोपून राहिल्यानंही आजार वाढतो. मधली वाट अशी: रोज एकच छोटं काम, वेळ ठरवून. सकाळी दारात दहा मिनिटं उन्हात बसणं. आठवडाभर ते जमलं की मग आंघोळीनंतर केस विंचरणं. मग तुळशीपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. इच्छा झाल्यावर करेन असं म्हणून चालत नाही, या आजारात इच्छा कामाच्या मागून येते. झालं तर "बरं झालं" एवढंच म्हणा. नाही झालं तर काहीच म्हणू नका.

मोठे निर्णय बरं वाटेपर्यंत थांबवा: जमीन विकणं, नोकरी सोडणं, सोडचिठ्ठी. आणि लग्न. "लग्न लावून द्या, सुधारेल" हा सल्ला प्रत्येक गावात मिळतो. आजारी माणसावर नव्या घराचं ओझं येतं, आणि काही न सांगता आणलेल्या दुसऱ्या घरच्या लेकराचीही फसवणूक होते. हे करू नका.

कर्जाचा विषय असेल तर घरातल्या दुसऱ्यानं सोसायटीत आणि बँकेत जाऊन बोलावं, पेशंटला त्या काउंटरसमोर उभं करू नका. सांभाळणाऱ्या माणसालाही आठवड्यातून एक दिवस मोकळीक द्या, नाहीतर काही महिन्यांनी तोच आजारी पडतो.

## ९. बरं वाटायला लागल्यावर

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणूस हसू लागतो, शेतावर जाऊ लागतो, आणि घरातला कुणीतरी म्हणतो, "आता कशाला गोळ्या? सवय लागेल." यावर घरात आधीच बोलून ठेवा. पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. याआधीही येऊन गेलं असेल तर त्याहून जास्त. मध्येच सोडली तर आजार परत येण्याची शक्यता बरीच वाढते.

बंद करायची वेळ आली की डोस काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात, आणि हे डॉक्टरच ठरवतात. वेळ निवडताना घरचं वेळापत्रक त्यांना सांगा. ऊसतोडीची धावपळ, मुलाची बारावी, घरात लग्न, अशा काळात डोस उतरवायला घेऊ नये.

त्याच वेळी पेशंटसोबत बसून एक यादी करा: मागच्या वेळी सुरुवातीला काय काय झालं होतं? कुणाची झोप जाते, कुणी फोन उचलणं सोडतो, कुणाचा देवपूजेतला रस जातो. प्रत्येकाची सुरुवात वेगळी, पण त्याच माणसात ती बहुधा तशीच परत येते. यादीतल्या दोन गोष्टी आठवडाभर टिकल्या तर पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं, हे आधीच ठरवून ठेवा. जुना केस पेपर, पहिला लिहिलेला कागद आणि शेवटच्या गोळीचं रिकामं पाकीट एका फाइलीत घाला, आणि ती फाइल कुठे ठेवली आहे ते घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा. कुठली गोळी, किती डोसला लागू पडली हे डॉक्टरांना त्यातून कळतं आणि उपचार तिथूनच पुढं सुरू करता येतो.